पलांडु कुल : लक्षणे आणि नाम

मराठी वनस्पतिशास्त्रीय परिभाषेत ‘लिलिएसी’ या कुलास ‘पलांडु कुल’ असे म्हटले जाते. पलांडु म्हणजे कांदा. परंतु आजच्या वर्गीकरणानुसार कांदा या कुलात मोडत नाही. ज्या वनस्पतीवरून कुलास नाव मिळाले तीच त्याबाहेर का गेली, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राइतकाच परिभाषेचाही आहे.

बेंथॅम व हुकर यांनी १८८३ मध्ये या कुलाची जी व्याप्ती मानली, तीत कांदा, लसूण, शतावरी, कोरफड आणि कळलावी या सर्वांचा अंतर्भाव होता. दोन मंडलांत सहा परिदले, सहा केसरदले आणि तीन कप्प्यांचा ऊर्ध्वस्थ किंजपुट ही त्यांची समान लक्षणे होत. हचिन्सन यांनी १९३४ मध्ये चामरकल्प फुलोऱ्यास महत्त्व देऊन कांद्यास ॲमारिलिडेसी कुलात नेले; तरीही क्रॉंक्विस्ट यांनी १९८१ मध्ये लिलिएसीची व्याप्ती पुन्हा विस्तृतच ठेवली.

या मांडणीतील दोष भाषाभ्यासकास परिचित आहे. मराठी व गुजराती या दोहोंत नपुंसकलिंग आहे, हिंदीत नाही. एवढ्यावरून पहिल्या दोन भाषांचे विशेष निकटचे नाते सिद्ध होत नाही, कारण ते लिंग संस्कृतापासून चालत आलेले आहे. उपगटाची सिद्धता समान वारशाने नव्हे, तर समान नवनिर्मितीने होते. लाइपझिगचे लेस्कीन यांनी १८७६ मध्ये भाषांसंबंधी हे तत्त्व मांडले; हेनिख यांनी १९५० मध्ये जीवसृष्टीच्या वर्गीकरणात त्याचीच पद्धतशीर मांडणी केली. त्रिभागी फूल हा एकदलिकित वनस्पतींचा असाच प्राचीन वारसा होय.

याउलट कांदा, शतावरी व कोरफड यांचे बी काळे असते. फायटोमेलान नामक द्रव्यामुळे येणारा हा काळेपणा शतावरी गणातील बहुसंख्य वनस्पतींचे नवनिर्मित लक्षण आहे. लिलियमच्या बीजावरणात ते द्रव्य नसते; शिवाय त्याच्या मधुग्रंथी किंजपुटाच्या पडद्यांत नसून परिदलांच्या तळाशी असतात. कळलावी लिलियमच्याच गणात राहिली. मात्र कोल्चिसीन अल्कलॉइडासह अन्य लक्षणांवरून तिचे कुल निराळे ठरले. डालग्रेन व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये केलेल्या विभाजनास पुढे डीएनए-अभ्यासाने बहुतांशी पुष्टी दिली. २०१६ च्या एपीजी-४ वर्गीकरणात कांदा व लसूण ॲमारिलिडेसीत, शतावरी ॲस्परॅगेसीत, कोरफड ॲस्फोडेलेसीत आणि कळलावी कोल्चिकेसीत आहे. लिलिएसीत लिलियम, ट्युलिप, फ्रिटिलारिया इत्यादी सुमारे पंधरा प्रजाती उरल्या.

परिभाषा स्थिर असावी हे खरे. परंतु संज्ञेने विद्यार्थ्यास चुकीच्या दिशेने नेऊ नये, हेही तितकेच खरे. म्हणून ‘पलांडु’ हे पद कांदा-लसणाच्या उपकुलासाठी राखून ठेवावे आणि लिलिएसीस ‘लिलियम कुल’ म्हणावे, हे युक्त होय. जुने ग्रंथ वाचताना मात्र ‘पलांडु कुल’ या नावाची त्या काळची व्याप्ती ध्यानात घेतली पाहिजे.