पेढीवर जे जपतो, ते शाळेत का विसरतो?

पेढी भांडवलावर जितकी टिकते, तितकीच मुनीमजींच्या निष्ठेवर टिकते, हे व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. जुन्या घरांत मुनीमजींच्या मुलीचे लग्न घरचेच कार्य मानले जाई. त्यांचा पगार ठरल्या दिवशी हाती पडे आणि हिशेबातील चूक चारचौघांत न काढता एकांतात दाखवली जाई. हे शहाणपण कायद्याने नव्हे, अनुभवाने आले होते.

आज आपल्या समाजातील अनेक कुटुंबे खासगी माध्यमिक शाळांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत. इमारत, प्रयोगशाळा, संगणक कक्ष यांसाठी ती मुक्तहस्ते देणगी देतात. परंतु पेढीवरचे ते शहाणपण शाळेच्या फाटकापर्यंत येता येता पुष्कळदा मागे राहते. त्याची किंमत शेवटी विद्यार्थी मोजतो.

वर्गाचे दार बंद झाल्यावर

दुकानातील माल मोजता येतो, गल्ला रोज जुळवता येतो. शिक्षकाचे काम मात्र तासिका सुरू झाल्यावर वर्गाच्या बंद दारामागे चालते. त्याची हजेरी, पाठाचे टाचण आणि अभ्यासक्रम पूर्ण झाल्याची नोंद तपासता येते. पण न समजलेले प्रमेय त्याने दुसऱ्यांदा वेगळ्या रीतीने समजावले का, मागे बसणाऱ्या अबोल मुलाला मधल्या सुट्टीत जवळ बोलावले का, वही तपासताना चूक कोठे झाली हे दाखवले का, याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. अध्यापनाचा हा सर्वांत मोलाचा भाग शिक्षक स्वेच्छेने देतो. संस्थेशी आपले नाते आहे असे वाटत असेल, तरच तो देतो.

कटुता कोठून येते?

पहिले कारण वेतन. रक्कम कमी असण्यापेक्षा अनिश्चितता अधिक बोचते. कोठे मे महिन्याचा पगार अडतो, तर कोठे सही एका आकड्यावर होते आणि हाती दुसराच आकडा पडतो. असा शिक्षक पहाटे आणि सायंकाळी शिकवण्या घेतो आणि शाळेत थकून येतो.

दुसरे कारण विषमता. एकाच छताखाली अनुदानित तुकडीचा शिक्षक पूर्ण वेतनश्रेणी घेतो आणि विनाअनुदानित तुकडीचा शिक्षक तेच काम त्याच्या काही अंशात करतो. दोघे शिक्षक-खोलीत शेजारी बसतात, पण मनाने दूर जातात.

तिसरे कारण अवमान. पालकाची तक्रार येताच, विचारपूस न करता, शिक्षकाला त्याच पालकासमोर उभे केले जाते. त्यानंतर तो वर्गात कोणालाही रागावत नाही आणि कोणासाठी धडपडतही नाही. तुकडी टिकावी म्हणून भर उन्हाळ्यात घरोघरी विद्यार्थी शोधत फिरण्याचे कामही त्याच्याच वाट्याला येते, आणि पट घटला तर दोषही.

परिणाम आपण पाहतोच. दुसरीकडे बरी जागा मिळताच गणिताचा शिक्षक दिवाळीनंतर निघून जातो. दहावीचा वर्ग काही आठवडे रिकामा राहतो आणि नवा शिक्षक मुलांची नावे शिकेपर्यंत सराव परीक्षा येते.

कायद्याची किमान मर्यादा

महाराष्ट्रातील खासगी शाळा कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम १९७७ चा आहे आणि त्याची नियमावली १९८१ ची. मान्यताप्राप्त अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन्ही शाळांना तो लागू आहे. रीतसर नेमणूकपत्र द्यावे लागते. कायम रिक्त पदावरील परिवीक्षा सर्वसाधारणपणे २ वर्षांची असते आणि शिक्षणसेवकाचा काळ ३ वर्षांचा. सेवेतून काढलेल्या कर्मचाऱ्याला ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. शिस्तभंगाच्या चौकशी समितीत कर्मचाऱ्याने सुचवलेला सदस्यही असतो. अल्पसंख्याक शाळांना मुख्याध्यापकाच्या निवडीत सवलत आहे, पण ती इतरांच्या सेवाशर्ती मोडण्याची मुभा नव्हे. खासगी शाळांतील शिक्षक उपदानास पात्र आहेत, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

कायदा अन्याय रोखू शकतो, आपुलकी निर्माण करू शकत नाही. प्रकरण न्यायाधिकरणात गेले की संस्थेचा पैसा आणि शिक्षकाची उमेद दोन्ही खर्ची पडतात. निकाल कोणाच्याही बाजूने लागला तरी नाते परत येत नाही.

कर्मवीरांचा धडा

आपल्याच समाजात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ओगले काचसामान आणि किर्लोस्कर नांगरांची विक्री केली होती. व्यवहार त्यांना परका नव्हता. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिनेही दिले. या संस्थेने आजीव सेवकांची परंपरा निर्माण केली आणि त्यांना कारभारात स्थान दिले. ज्याला निर्णयात वाटा मिळतो, तो संस्थेचे काम आपले मानतो, हा त्यातील धडा आहे.

आपण काय करू शकतो?

विश्वस्तांनी पुढील सभेत काही साध्या गोष्टी ठरवाव्यात. पगाराची तारीख निश्चित करावी आणि ती मे महिन्यातही पाळावी. जितकी सही तितकेच वेतन द्यावे, तेही थेट बँक खात्यात. तक्रार आधी मुख्याध्यापकांनी एकांतात ऐकावी. वर्षातून दोनदा विश्वस्तांनी शिक्षकांसोबत बसावे, त्या दिवशी निकालाचे तक्ते बाजूला ठेवावेत आणि फक्त ऐकावे. नव्या बांधकामाची देणगी देताना तिचा काही भाग विनाअनुदानित शिक्षकांच्या वेतनासाठी राखून ठेवावा.

नाते दोन्ही बाजूंचे असते. वेळ पाळणे, आपल्याच विद्यार्थ्यांवर शिकवणीची सक्ती न करणे, गटबाजीपासून दूर राहणे ही शिक्षकांचीही जबाबदारी आहे. मात्र ज्याच्या हाती अधिकार आहे, त्यानेच पहिले पाऊल टाकायचे असते.

शाळेच्या भिंतीवर दात्याचे नाव कोरलेले असते आणि ते असावेही. परंतु त्या दानाचे फळ मुलांपर्यंत शिक्षकाच्याच हातून पोहोचते. म्हणून दान देताना त्या हातांचीही विचारपूस करावी.