राखणदारच पीक तुडवतात तेव्हा

रानडुकरामागे धावताना राखणदार कधी कधी उभे पीकच तुडवतात. ‘हिपॅटायटिस बी’ या काविळीत यकृताचे तसेच होते. यकृताच्या पेशी सहसा विषाणू स्वतः मारत नाही. त्याला हुसकावणाऱ्या आपल्याच रक्तातील पांढऱ्या पेशी त्या मारतात. त्यांतल्या ‘टीएच-१७’ पेशी दाह चेतवतात, तर ‘टी-रेग’ पेशी तो आवरतात. यकृत निकामी होत असलेल्या रोग्यांत चेतवणाऱ्या पेशींचे बळ वाढून हा तोल बिघडलेला आढळतो.

बरे वाटते म्हणून विषाणूरोधक गोळ्या मनानेच बंद केल्या, तर जुना रोग असा अचानक उसळू शकतो. दारू आणि अनोळखी झाडपाला यकृतावर आणखी घाव घालतात. डोळे पिवळे झाले, पोट फुगले, रोगी बरळू लागला, तर तासही न दवडता इस्पितळ गाठावे.

हा रोग रक्तातून, दूषित सुईतून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला लागतो. एका ताटात जेवल्याने नव्हे. आम्ही मलकपेठेत राहतो, त्या हैदराबाद शहरातच शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली जनुकीय तंत्राने बनवलेली पहिली भारतीय लस आणली. आज सरकारी दवाखान्यात बाळांना ही लस मोफत मिळते. जन्मापासून २४ तासांच्या आत ती टोचून घ्यावी, एवढेच आमचे सांगणे.