भय, दुःख आणि ख्रिस्ती श्रद्धा

श्रद्धा धरली की भय उरत नाही आणि दुःख वाट्याला येत नाही, अशी समजूत सर्वच धर्मांच्या अनुयायांत आढळते. ख्रिस्ती शिकवण असे आश्वासन देत नाही, आणि तिचे खरे बळ याच ठिकाणी आहे, असे आम्हांला वाटते.

शुभवर्तमानांतील गेथशेमाने येथील प्रसंग पाहा. मरण जवळ आले आहे हे येशूला ठाऊक आहे. तो व्याकूळ होतो, शिष्यांना आपल्याबरोबर जागे राहण्याची विनंती करतो, आणि दुःखाचा हा प्याला टळावा म्हणून पित्याची प्रार्थना करतो. प्याला टळत नाही. तरी तो उठतो आणि धरावयास आलेल्यांना सामोरा जातो. ख्रिस्ती लोक ज्याला देवाचा पुत्र मानतात, त्याचेही मन जर असे कासावीस झाले, तर भय वाटणे हे श्रद्धा नसल्याचे लक्षण कसे म्हणावे?

दुसरा प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानातील आहे. एका जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही गोष्टी नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो. कोणाचे पाप, हा प्रश्न मागे पडतो. आता काय करावयाचे, हा प्रश्न पुढे येतो.

या फरकाचे मोल पंडिता रमाबाईंच्या चरित्रात दिसते. १८५८ साली जन्मलेल्या या विदुषीचे आईवडील व बहीण दुष्काळाच्या दिवसांत हाल सोसून गेली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती गेले. वयाची चोविशी गाठण्यापूर्वीच, कडेवर तान्ही मुलगी असताना, त्या विधवा झाल्या. पतीचा मृत्यू हे विधवेच्याच पापाचे फळ, असे मानणारा तो समाज होता. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्मविषयक भूमिकेवरून पुढे पुण्यात मोठा वाद झाला. त्यात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा भूक म्हणजे काय हे अनुभवाने जाणणाऱ्या रमाबाई तेथे गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. तरी बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

येथे एक सावधगिरी हवी. स्वतः दुःख धैर्याने सोसणे वेगळे, आणि दुसऱ्याला ‘देवाची इच्छा म्हणून सोस’ असे सांगणे वेगळे. रमाबाईंनी विधवांना सोसण्याचा उपदेश केला नाही. त्यांना घर, अन्न, शिक्षण आणि हाताला काम दिले.

ही शिकवण उपयोगी पडण्यासाठी ख्रिस्ती असलेच पाहिजे असे नाही. शेजारी कोणी दुखणेकरी असेल, कोणाच्या घरी मृत्यू झाला असेल, तर आपण बहुधा कारणे शोधू लागतो किंवा भीतीने दूर राहतो. गेथशेमानेत शिष्यांकडे फार मोठे मागणे नव्हते. घटकाभर जागे राहावे, एवढेच होते. आणि तेवढेही त्यांच्याने झाले नाही. आपल्याकडून निदान तेवढे व्हावे.