अचानक वाढलेलं भुंकणं: आधी कारण शोधा

एरवी शांत असणारा घरचा कुत्रा एकाएकी सतत भुंकू लागला की ‘याला गप्प कसं करायचं?’ हाच प्रश्न घरात सगळ्यांना पडतो. त्याआधी विचारायला हवं, की गेल्या काही दिवसांत बदललं काय? मोठ्या कुत्र्याची सवय विनाकारण पालटत नाही.

भुंकण्याला अर्थ असतो आणि तो माणसाला बऱ्यापैकी कळतो. बुडापेस्टच्या एट्व्हॉश लोरांड विद्यापीठातल्या संशोधकांनी मुडी या हंगेरियन मेंढपाळ कुत्र्यांचं वेगवेगळ्या प्रसंगांतलं भुंकणं लोकांना ऐकवलं. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, कधी कुत्रा न पाळलेल्यांनाही त्यामागचा प्रसंग बऱ्याचदा ओळखता आला. खर्जातलं, खरखरीत, भराभर भुंकणं इशाऱ्याचं वाटतं. उंच पट्टीतलं, थांबत थांबत येणारं भुंकणं भीतीचं किंवा एकटेपणाचं.

पहिली शंका दुखण्याची घ्यावी. पावसाळ्यात लोंबत्या कानांच्या कुत्र्यांचे कान चिघळतात. दात, सांधे, पोट दुखत असेल, तरी स्वभाव चिडका होतो. म्हातारा कुत्रा रात्री भिंतीकडे बघून भुंकत असेल, घरातच वाट चुकत असेल, तर दृष्टी-श्रवण मंदावलेलं असू शकतं किंवा माणसाच्या स्मृतिभ्रंशासारखा मेंदूचा विकार जडलेला असू शकतो. अशा वेळी पशुवैद्य गाठावा. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन मात्र देऊ नये. ही औषधं कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

तब्येत ठीक असेल, तर आठवडाभर नोंद ठेवा: किती वाजता, कुठे तोंड करून, कशानंतर भुंकला? शेजारी सुरू झालेलं ड्रिलिंग, घरात आलेलं बाळ, मालकाची बदललेली ड्युटी यांतलं काही तरी हाती लागतं. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला 40 हजारांच्याही वरचे. त्यामुळे आपल्याला निवांत वाटणारी खोली त्याच्यासाठी गजबजलेली असू शकते.

दारावर पार्सलवाला येतो, कुत्रा भुंकतो, पार्सलवाला निघून जातो. आपण भुंकलो म्हणूनच तो गेला, अशी कुत्र्याची खात्री होते आणि सवय पक्की होते. ती मोडायला बेलचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून अगदी हळू लावा. कुत्रा शांत असतानाच खाऊ द्या. आवाज रोज थोडाच वाढवा. भुंकला तर एक पायरी मागे या. खिडकीतून दिसणाऱ्या रहदारीवर भुंकत असेल, तर काचेचा खालचा भाग झाका. फिरायला नेल्यावर मनसोक्त हुंगू द्या. हुंगण्यानं त्याच्या डोक्याला काम मिळतं.

ओरडल्यानं गोंगाट वाढतो. शॉक देणारा पट्टा किंवा मार भीती वाढवतो, आणि घाबरलेला कुत्रा पुढे चावूही शकतो. प्राण्याला मारहाण करणं, आखूड साखळीनं तासन्‌तास बांधून ठेवणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक करावं. तक्रार येण्याआधी स्वतःच शेजाऱ्यांकडे जाऊन काय उपाय चालू आहेत ते सांगावं, आणि आपण बाहेर असताना कुत्रा केव्हा भुंकतो तेही विचारावं. ती माहिती फक्त त्यांच्याकडेच असते, आणि इलाजाला तिचीच गरज असते.