क्रीडाप्रशासन व क्रीडोपचार शिक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महाविद्यालयांत शारीरिक शिक्षणाच्या आश्रयाने वाढलेले दोन अभ्यासविषय. क्रीडाप्रशासनात स्पर्धांचे आयोजन, अर्थव्यवहार, कायदा इत्यादींचा अभ्यास होतो. ओहायओ विद्यापीठाने १९६६ मध्ये त्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. ‘अ‍ॅथ्लेटिक ट्रेनर’ हा मात्र, नावावरून वाटतो तसा, खेळ शिकविणारा नव्हे. दुखापतींचा प्रतिबंध, प्रथमोपचार व पुनर्वसन हे त्याचे काम. अमेरिकन वैद्यक संघटनेने १९९० मध्ये या व्यवसायास आरोग्यसेवा म्हणून मान्यता दिली. २०१५ मध्ये त्यासाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक करण्याचा निर्णय झाला. डोक्यास मार लागलेल्या खेळाडूस पुन्हा मैदानात उतरू द्यावे की नाही, हे सामना चालू असतानाच ठरवावे लागते. विजयासाठी उतावीळ झालेल्या प्रशिक्षकाच्या दडपणापासून हा निर्णय मुक्त ठेवणे, ही प्रशासकाची जबाबदारी असते. येथे हे दोन्ही विषय परस्परांशी निगडित होतात.