नडगीकवच पायावर टिकतं कसं?

आता पायाच्या चिलखताकडे येऊ. नडगीचं हाड कातडीच्या अगदी खाली असतं. जरा लागलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. ग्रीक योद्ध्याची गोल ढाल गुडघ्याच्या आसपास संपायची. खालचं काम 'क्नेमिस' म्हणजे नडगीकवच करायचं.

गंमत बघा, त्यातल्या पुष्कळ कवचांना पट्टाच नसे. ब्राँझचा पत्रा मागून फाकवायचा, पाय घालायचा, सोडून द्यायचा. तो पोटरीला घट्ट धरतो. ही ताकद ठोक्यांतून येते. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याचं भांडं ठोकून ठोकून कडक करतात, आणि घडवताना फारच कडक झालं तर तापवून पुन्हा नरम करतात. ब्राँझचंही तसंच.

म्हणून लुटुपुटीच्या लढाईसाठी कवच करणाऱ्यांनी आधी पायावर कागदी माप घ्यावं. पत्रा तापवून आकार द्यावा, पण शेवटचा हात हातोडीचा, भट्टीचा नाही. नाहीतर कवच फाकतं ते फाकलेलंच राहतं. कडा बाहेर वळवाव्यात, आत आपल्या यवतमाळच्या कापसाचं अस्तर लावावं. मग गुडघा टेकून, पळून बघायचं. घोट्याला किंवा गुडघ्याला कड रुतली, तर ते कवच लढाईत घालू नये.