शाडू, खाजण आणि अंगणवाडी

बालशिक्षणात पर्यावरणाचा विचार यावा याविषयी आज फारसे दुमत नाही. मतभेद आहे तो कोणत्या वाटेने यावा याविषयी. ५ जूनच्या पर्यावरण दिनी घोषणांचे फलक मुलांच्या हाती देणे, एखादे रोप लावून छायाचित्र काढणे आणि पृथ्वीचे चित्र रंगवून घेणे ही त्यांतली सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वाधिक रूढ झालेली वाट आहे. परंतु तीन ते सहा वर्षांच्या मुलाला पृथ्वी ही कल्पना अजून पेलत नाही. त्याला ओली माती कळते, बांधावरच्या बिळात शिरणारा खेकडा कळतो, हंड्यातले पाणी संपले की आईची होणारी धावपळ कळते. म्हणून या वयात पर्यावरण हा शिकवायचा विषय नसतो, ते शिकण्याचे साहित्य असते आणि रोज वागण्याची रीत असते. ही भूमिका एकदा मान्य केली की बालवाडीचा विचार त्या गावच्या माती, पाणी आणि रोजगारापासून वेगळा काढता येत नाही. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा हे एकमेकांना लागून असलेले तालुके या दृष्टीने फार बोलके आहेत, कारण खाडी, भातखाचर, जंगल, मूर्तिकला आणि रासायनिक कारखानदारी हे सारे तेथे काही कोसांच्या अंतरात एकत्र नांदते.

‘शाश्वत विकास’ ही संज्ञा जगभर रुळली ती १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालामुळे. आजच्या पिढीच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांची त्यांच्या गरजा भागवण्याची क्षमता हिरावून न घेणारा विकास, असा तिचा अर्थ आहे, आणि निसर्ग, अर्थव्यवहार व समाज अशा तिच्या तीन बाजू मानल्या जातात. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या उद्दिष्टांत सर्व मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण मिळावे हे एक लक्ष्य आहे आणि शिक्षणातून शाश्वत विकासाचे भान यावे हे दुसरे. मात्र ही दोन लक्ष्ये एकाच मुलाच्या दिवसात एकत्र कशी आणायची, हा प्रश्न जागतिक दस्तऐवजांतून सुटणारा नाही. भारतात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा काळ ‘पायाभूत स्तर’ म्हणून एकसंध मानला, आणि २०२२ मध्ये आलेल्या या स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात भोवतालच्या निसर्गाविषयी मुलांच्या मनात आस्था निर्माण व्हावी हे स्वतंत्र उद्दिष्ट म्हणून नोंदवले गेले. ते नोंदवले जाणे महत्त्वाचे आहे, तरी आस्था हा शब्द कागदावरून अंगणात उतरायचा तर त्याला स्थानिक हात लागतात.

महाराष्ट्रात असे हात पूर्वीच लागलेले आहेत, आणि ही गोष्ट नव्या धोरणांच्या चर्चेत वारंवार विसरली जाते. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९४५ मध्ये त्यांनी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. माँटेसरी पद्धतीची साधने रेखीव आणि महाग असल्याने खेड्यात ती परवडण्यासारखी नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, गोटे, बिया, पाने, माती आणि बांबू आले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली आणि त्यातून अंगणवाडी उभी राहिली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेल्यानंतर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणारी कुरणशाळाही सुरू झाली. पाश्चात्त्य देशांत सायमन निकोल्सन यांनी १९७१ मध्ये ‘सुट्या वस्तूंचा सिद्धांत’ मांडला, म्हणजे हवे तसे जुळवता, मोडता आणि हलवता येणाऱ्या वस्तूंमुळे मुलाची कल्पकता वाढते असे प्रतिपादन केले, त्याच्या पाव शतक आधी बोर्डीच्या पाड्यांवर हे घडत होते. तेथे त्याला पर्यावरण शिक्षण असे नाव नव्हते, तरी विकत न घेतलेल्या, पुन्हा मातीत मिसळणाऱ्या साहित्यातून शिकणे याहून शाश्वत शिक्षण ते दुसरे कोणते असणार?

या परंपरेची दुसरी शाखा थेट पेण तालुक्याशी जोडलेली आहे. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला आणि त्यांचे बालपण त्याच डोंगरपायथ्याच्या गावात गेले. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमच्या विचाराला, म्हणजे उत्पादक हस्तोद्योगाच्या माध्यमातून शिक्षण देण्याच्या कल्पनेला, विनोबांनी आयुष्यभर तात्त्विक आधार दिला. पुढे सेवाग्रामला पूर्व-बुनियादी असा लहान मुलांचा टप्पाही तिला जोडला गेला, ज्यात स्वच्छता, स्वयंपाक, बागकाम आणि पाणी भरणे हीच शिकण्याची कामे होती.

हस्तोद्योगाचा विचार पेणमध्ये करायचा तर गणेशमूर्तीपाशी थांबावेच लागते. पेण शहर आणि हमरापूर, जोहे ही गावे मूर्तींच्या कारखान्यांसाठी ओळखली जातात, आणि तेथील घराघरांत वर्षाचे बहुतेक महिने हे काम चालते. शाडूची माती भिजवून मळणे, साच्यात दाबणे, बळकटीसाठी काथ्या घालणे, सावलीत सुकवणे, मग रंगकाम आणि शेवटी डोळ्यांची आखणी हा क्रम तेथील मुले बोलायला शिकण्याच्या आधीपासून पाहत असतात. प्लास्टर ऑफ पॅरिस हलके, लवकर घट्ट होणारे आणि स्वस्त असल्याने गेल्या काही दशकांत ते मोठ्या प्रमाणावर वापरात आले. ते पाण्यात शाडूसारखे विरघळत नाही, आणि मूर्तीवरील रंगांतील जड धातू तलाव व नद्यांत उतरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढून अशा मूर्तींवर बंदी सुचवली, २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या काटेकोर अंमलबजावणीचे आदेश दिले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये मूर्ती घडवण्यास मुभा देऊन नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जन मात्र रोखले गेले. या काही महिन्यांत कारखानदार आणि मजुरी करणाऱ्या स्त्रिया यांच्या मनाची जी घालमेल झाली असेल, तिच्यात शाश्वततेच्या तिन्ही बाजू एकदम समोर येतात: पाणी वाचले पाहिजे, पोट चालले पाहिजे आणि श्रद्धेचा मान राहिला पाहिजे. निसर्ग चांगला आणि कारखानदार वाईट अशी सरळ विभागणी जो धडा करील तो हमरापूरच्या मुलाला त्याच्या आईवडिलांविरुद्ध उभे करील, आणि असा धडा बालवाडीत नसलेलाच बरा.

तेथे असावा तो मातीचा गोळा. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती मळलेली माती दिली की तो ती दाबतो, लांबवतो, तोडतो, पुन्हा एक करतो. बोटांच्या स्नायूंना, पुढे लेखणी धरण्यासाठी लागणारी ताकद येते. ओले आणि सुके, जड आणि हलके, गुळगुळीत आणि खरखरीत हे भेद शब्द मिळण्याआधी हाताला कळतात. सुकलेली आकृती पाण्यात टाकली की ती हळूहळू विरघळते, आणि तीच माती निथळून दुसऱ्या दिवशी पुन्हा मळता येते. पुनर्वापर ही संकल्पना मुलाला सांगण्याची गरज राहत नाही. ती त्याने केलेली असते. येथे एक बारकावा मुद्दाम सांगायला हवा. शाडू रायगडची नव्हे, ती मुख्यतः गुजरातेतून, भावनगरच्या बाजूने ट्रकांतून येते आणि जमिनीतून खणून काढली जाते. ‘नैसर्गिक’ आहे म्हणून ती अमर्याद आहे असे नव्हे. बालवाडीसाठी शेताची किंवा ओढ्याकाठची माती पुरेशी आहे. दिवाळीत मुले अंगणात किल्ले करतात तेव्हा तीच माती वापरतात, आणि त्या किल्ल्याच्या उतारावर अळीव किंवा नाचणी पेरून चार-पाच दिवसांत उगवलेले कोंब पाहणे हा या वयासाठी रुजण्याचा अत्यंत सुंदर पाठ आहे. कारखान्यांतून उडणारी प्लास्टरची धूळ आणि रंग यांपासून लहान मुलांना दूर ठेवणे ही मात्र मोठ्यांची जबाबदारी आहे. कामावरच्या आईचे मूल दिवसभर कोठे असते, हाही पर्यावरणाचाच प्रश्न आहे.

पेणचा पश्चिम भाग खारेपाटात मोडतो. भरतीचे पाणी अडवून कसलेली खाडीकाठची जमीन म्हणजे खाजण. तिच्याभोवती बांध असतो आणि बांधात उघाडी असते, जिचे दार भरतीच्या रेट्याने मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते. बांधाला खांड पडली की खारे पाणी भातशेतीत शिरते आणि पुढची काही वर्षे ती जमीन हातची जाते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खारे सहन करणारे भाताचे वाण दिले, पण पडीक झालेल्या खाजणात तिवरे उगवली की शेतकरी आणि कांदळवनाचे कायदेशीर संरक्षण यांच्यात पेच पडतो. हा पेच मोठ्यांनीच सोडवायचा आहे. मुलांच्या वाट्याला यावी ती बांधावरची निरीक्षणाची शिदोरी: ओहोटीला उघडा पडलेला चिखल, उड्या मारणारे निवटे मासे, पाणथळीतले बगळे, मिठागरातले पांढरे ढीग. भरती आणि ओहोटी दिवसातून दोनदा येतात, आणि त्यांच्या वेळा रोज थोड्या पुढे सरकतात, हे पाच वर्षांचे मूल महिनाभर भिंतीवर खडूने खुणा करून स्वतः शोधून काढू शकते; गणिताची याहून चांगली सुरुवात कोणत्या छापील पुस्तकात सापडेल?

रोह्याचा भूगोल वेगळा आहे. मुळशी धरणाचे पाणी भिरा येथील वीजकेंद्रातून कुंडलिकेत येते, म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. परंतु धाटावच्या औद्योगिक वसाहतीच्या परिसरातून ती पुढे खाडीकडे जाते, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये केलेल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचाही समावेश होता. अशा गावात पर्यावरण शिक्षण म्हणजे नदी मरत आहे असे मुलांना सांगणे, असा समज सहज होऊ शकतो. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड सोबेल यांनी १९९६ मध्ये या वृत्तीविरुद्ध सावध केले होते. ज्या निसर्गाशी मुलाची अजून ओळख झालेली नाही, त्याच्या नाशाची वर्णने आधी ऐकवली तर मुलाच्या मनात ओढ निर्माण न होता भय निर्माण होते आणि ते निसर्गापासून दूर जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. हे म्हणणे पटण्यासारखे आहे, विशेषतः ज्या जिल्ह्याने ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ, २०२१ ची तळियेची आणि २०२३ ची इर्शाळवाडीची दरड पाहिली, तेथे भय मुलांना बाहेरून पुरवण्याची गरज नाही. त्यांना हवी आहे ती ओळख आणि त्यासोबत काही करता येते हा विश्वास.

ही ओळख ऋतूंच्या क्रमाने सहज होते. पहिल्या पावसानंतर शेवळे, टाकळा, फोडशी, कुर्डू, कंटोळी या रानभाज्या बाजारात येतात. शेवळ्याची खाज मोडण्यासाठी त्यात काकडाची आंबट फळे घालतात, हे ज्ञान डोंगरवाड्यांवरच्या कातकरी आणि ठाकूर स्त्रियांकडे जिवंत आहे. आषाढात आवण काढून लावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, भाताच्या ओलीवर वाल, आणि थंडीत वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यात घालून मडक्यात भाजलेली पोपटी. या क्रमात ज्ञानेंद्रियांचे शिक्षण, भाषा, मोजणी आणि आहार एकत्र गुंफलेले आहेत. २ ऑक्टोबर १९७५ पासून चालत आलेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत अंगणवाडीतल्या मुलाला वर्षातले ३०० दिवस उष्मांक आणि प्रथिने देणारा आहार मिळणे अपेक्षित आहे. ताटल्या धुतलेले पाणी परसातल्या अळूला आणि शेवग्याला गेले, उरलेले अन्न कोठे जाते हे मुलांना दिसले, आणि वाढणाऱ्या बाईंनी पळीत मावेल तेवढेच मागण्याची सवय लावली, तर त्याच आहारातून शाश्वततेची रीत लागते. यासाठी वेगळा तास नको आणि वेगळा संच तर मुळीच नको. प्लास्टिकच्या रंगीत खेळण्यांचा ‘पर्यावरण संच’ विकत घेऊन पर्यावरण शिकवणे ही विसंगती टाळलेली बरी.

हे सारे करायचे ते अंगणवाडी सेविकेने, आणि तिच्याकडे आधीच लसीकरणाच्या याद्या, वजन-उंचीच्या नोंदी, पोषण ट्रॅकर, गृहभेटी आणि निरनिराळी सर्वेक्षणे आहेत. मानधनावर काम करणाऱ्या या स्त्रियांवर आणखी एक उपक्रम लादून त्याचे अहवाल मागवले, तर मातीचा गोळा छायाचित्रापुरता उरेल. नोंदींचा भार कमी करणे, मदतनिसाचे पद रिकामे न ठेवणे, आवारात नळाचे पाणी आणि सावलीचे झाड असणे, आणि प्रशिक्षणात गावातल्या जाणत्या शेतकरी, मूर्तिकार व आदिवासी स्त्रियांना पाहुणे म्हणून नव्हे, तर मानधन देऊन शिक्षक म्हणून बोलावणे, या गोष्टी आधी व्हायला हव्यात.

सर्वांत बिकट प्रश्न कातकरी मुलांचा आहे. केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत गणलेल्या या समाजातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ज्यांच्या घरात कंदमुळे, मासे आणि झाडे यांची सर्वांत बारीक जाण आहे, त्यांचीच मुले वर्षातील सहा-सात महिने अंगणवाडीच्या बाहेर, धुराच्या आणि विटांच्या रांगांमध्ये वाढतात. कुरणशाळा जशी गुरांमागे गेली, तशी अंगणवाडी भट्टीवर जाऊ शकते. स्थलांतरित कुटुंबांची गावोगावी नोंद ठेवून त्यांचा पोषण आहार पुढच्या ठिकाणी चालू ठेवण्याची व्यवस्था राज्य सरकारने काही जिल्ह्यांत २०२२ पासून सुरूही केली आहे. त्या नोंदीबरोबर सेविका, सावलीची एक शेड, पिण्याचे पाणी आणि खेळण्यापुरती धूरमुक्त जागा पोहोचवण्याचा खर्च भट्टीमालक, ग्रामपंचायत आणि महिला व बालविकास विभाग यांच्यात कसा वाटायचा, हे कार्तिकात भट्ट्या लागण्याआधी, भाद्रपदातच ठरवावे लागते.